जोडायचं कशासाठी?

कॅन्सरवरच्या संकरित रेणूंबद्दलचा शोधनिबंध उघडला की पहिल्याच पानावर बहुधा एक ठरावीक चित्र असतं. डावीकडे एखाद्या नावाजलेल्या औषधाची रचना, तिचा अर्धा भाग निळा. उजवीकडे दुसऱ्या औषधाची रचना, तिचा अर्धा भाग लाल. मध्ये अधिकचं चिन्ह, खाली बाण, आणि बाणाच्या टोकाला नवा रेणू: अर्धा निळा, अर्धा लाल. चित्र इतकं पटकन पटतं की पुढचं वाचायची गरजच वाटू नये. माझी पहिली उमेदीची वर्षं असली वलयं जोडण्यात गेली, आता दुसऱ्यांनी जोडलेली तपासण्यात जातात. आणि हल्ली माझं बोट त्या अधिकच्या चिन्हावरच अडतं. हे दोन तुकडे एकमेकांना बांधायची खरंच गरज होती का?

वलयं का, हे आधी सांगायला हवं. ज्या वलयात कार्बनच्या सोबतीला नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधकाचा एखादा अणू बसलेला असतो, ते विषमवलय. औषधशास्त्राला या वलयांचं वेड आहे असं वाटावं इतकी ती सगळीकडे दिसतात. अमेरिकेत मंजूर झालेल्या लहान रेणूंच्या औषधांची मोजदाद करणारा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ५९ टक्के औषधांमध्ये निदान एक तरी नायट्रोजनयुक्त वलय सापडलं. पण वेड रसायनशास्त्रज्ञांचं नाही, पेशीचं आहे. डीएनएची चारही अक्षरं विषमवलयी आहेत. पेशीचं ऊर्जेचं चलन असलेल्या एटीपीच्या डोक्यावर अॅडेनिनचं वलय आहे. पेशीच्या कुलपात काही घालायचं तर ते तिच्याच घडणीचं असावं लागतं.

सुरुवातीची औषधं याच भांडवलावर उभी राहिली. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी प्युरिनच्या वलयावर ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलं आणि ६-मर्कॅप्टोप्युरिन तयार झालं. रक्ताच्या कॅन्सरसाठी ते १९५३ पासून वापरात आहे. चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ मध्ये युरॅसिलच्या पाचव्या जागेवरचा हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन ठेवला. उंदरांच्या यकृतातल्या गाठी निरोगी यकृतापेक्षा जास्त युरॅसिल ओढून घेतात, हे आधी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. गाठ हे फसवं युरॅसिल गिळते, थायमिन बनवणारं एन्झाइम त्यावर काम सुरू करतं आणि पाचव्या जागेपाशी येऊन अडकून बसतं, कारण हायड्रोजन सुटतो तसा फ्लोरिन सुटत नाही. एका अणूची अदलाबदल, बस्स. ५-फ्लुरोयुरॅसिल आजही आतड्याच्या कॅन्सरवर दिलं जातं. मला ही गोष्ट संकरित रेणूंच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा देखणी वाटते, पण तो माझा पक्षपात असेल.

जोडाजोडीचा विचार पुढे आला तो कॅन्सरच्या चिवटपणामुळे. एक वाट अडवली की पेशी दुसरी शोधते. मग दोन वाटा एकदम अडवाव्यात. दोन औषधं एकत्र देऊन हे करता येतं, डॉक्टर ते कैक वर्षं करत आले आहेत. पण दोन औषधांचं शरीरातलं आयुष्य वेगवेगळं असतं. एक दोन तासांत लघवीवाटे जातं, दुसरं दिवसभर रेंगाळतं, आणि गाठीपर्यंत दोन्ही एकाच वेळी पोहोचतील याची खात्री नाही. दोघांना एकाच रेणूत बांधलं तर एकच प्रवास, एकच हिशेब. युक्तिवाद खोटा नाही.

फक्त त्यात एक अट लपलेली आहे. बांधलेल्या रेणूत प्रमाण कायमचं एकास एक. निळा भाग पाच नॅनोमोलर एवढ्या तीव्रतेला काम करतो आणि लाल भागाला पाच मायक्रोमोलर लागतात, असं समजा, फरक हजारपट. निळ्याला पुरेल एवढी मात्रा दिली तर लाल भाग नुसता सोबत फिरतो. लालला पुरेल एवढी दिली तर निळा भाग निरोगी पेशींचाही निकाल लावतो. एक बैल दांडगा, दुसरा मरतुकडा आणि दोघांच्या मानेवर एकच जू, अशी ती गत. वेगवेगळ्या गोळ्या असत्या तर प्रमाण बदलता आलं असतं.

इतिहासातली दोन उदाहरणं मला सारखी आठवतात. पहिलं बेंडामस्टिन. पूर्व जर्मनीत, येना इथे, १९६३ च्या सुमारास ओझेगोव्हस्की आणि क्रेब्ज यांनी ते घडवलं. क्लोरँब्युसिल नावाचं औषध हाताशी होतं: बेंझिनचं वलय, त्यावर डीएनएला चिकटणारा नायट्रोजन मस्टर्डचा गट, दुसऱ्या बाजूला आम्लाची शेपटी. त्यांनी बेंझिन काढून बेंझिमिडॅझोल बसवलं. हे वलय प्युरिनसारखं दिसतं, म्हणजे मस्टर्ड डीएनएला जखडेल आणि वलय खोटं प्युरिन बनून पेशीला फसवेल, असा दुहेरी बेत. संकर हा शब्द कुणी वापरला नसेल, पण कल्पना तीच. औषध पूर्व जर्मनीत वापरलं गेलं, देश एक झाल्यावर त्याच्या नव्याने चाचण्या झाल्या आणि २००८ मध्ये अमेरिकेत लिम्फोसायटिक ल्युकेमियासाठी ते मंजूर झालं. रुग्णांना फायदा झाला, होतो आहे. मात्र बेंझिमिडॅझोल खोट्या प्युरिनचं काम करतं, याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. वलयाने काहीतरी केलं आहे हे नक्की, कारण बेंडामस्टिनचं वागणं त्याच्या भावंडांपेक्षा वेगळं आहे आणि इतर मस्टर्डना दाद न देणाऱ्या काही गाठी त्याला दाद देतात. पण ज्यासाठी बसवलं ते नव्हे.

दुसरं एस्ट्रामस्टिन. त्यात विषमवलय नाही, तरी ते इथे हवंच. इस्ट्रॅडिऑल या संप्रेरकाला मस्टर्ड जोडलेलं, मधला दुवा कार्बामेटचा. संप्रेरक ओळखून गाठीतल्या पेशी त्याला आत घेतील, आत दुवा तुटेल, मस्टर्ड मोकळं होईल. १९८१ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरसाठी मंजुरीही मिळाली. नंतर उलगडलं ते असं: मस्टर्डचा बंध बसावा तसा डीएनएवर बसतच नाही. औषध काम करतं ते पेशीच्या मायक्रोट्युब्यूल्सच्या, म्हणजे आतल्या सूक्ष्म नळ्यांच्या, व्यवस्थेत बिघाड करून, म्हणजे मूळ आराखड्यात कुठेही नसलेल्या मार्गाने.

यावरून कुणी म्हणेल की आराखडा हवाच कशाला, जोडत राहा, काहीतरी लागेल. असं म्हणणारे भेटतात. पण या दोन्ही रेणूंमागे निदान एक प्रश्न होता, म्हणून तर उत्तर चुकलं हे नंतर कळू शकलं. ज्या रेणूमागे प्रश्नच नाही त्याचं चुकलं काय आणि बरोबर काय?

निसर्गानेही जोडाजोडी केली आहे. सदाफुलीच्या पानातलं विन्ब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध दोन अल्कलॉइडांचं बनलेलं आहे, कॅथरँथिन आणि विंडोलिन, दोघांच्याही पोटात इंडोलच्या घराण्यातलं वलय. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर मधुमेहावर उपाय शोधत होते. पानांचा अर्क दिलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि १९५८ मध्ये हा पदार्थ वेगळा झाला. सुटे अर्धे भाग ट्युब्युलिनवर, म्हणजे त्या सूक्ष्म नळ्या ज्याच्या बनतात त्या प्रथिनावर, फारच क्षीण परिणाम करतात, जोडलेला रेणू ट्युब्युलिनच्या दोन जोड्यांमधल्या फटीत पाचरीसारखा शिरतो. यात मला आवडणारी बाब वेगळीच आहे. जोडणी होताना कॅथरँथिन जसंच्या तसं राहत नाही, त्याच्या सांगाड्यातला एक कार्बन-कार्बन बंध तुटतो आणि नऊ अणूंचं ऐसपैस वलय उघडतं. म्हणजे एक भाग आपला आकार सोडतो तेव्हा जोड बसते. आमच्या निळ्या-लाल चित्रात असं कधी घडत नाही. तिथे दोन्ही भाग आपापला रंग शाबूत ठेवून उभे असतात.

चित्रातल्या जोडणीहून सगळ्यात वेगळा नमुना म्हणून मी विद्यार्थ्यांना इमॅटिनिब काढून दाखवतो. ते संकरित औषध म्हणून ओळखलं जात नाही. मात्र त्यात पिरिडिन आहे, पिरिमिडिन आहे, पायपरेझिन आहे, आणि एकेक वलय का आलं याची नोंद आहे. सुरुवात फिनिलअॅमिनोपिरिमिडिनपासून झाली, तो प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमला अडवणारा एक सामान्य रेणू होता. पिरिमिडिनवर पिरिडिन बसवल्यावर पेशीतली ताकद वाढली. बेंझिनवर अमाइडची जोड दिल्यावर टायरोसिन कायनेज अडू लागले (कायनेज म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारी एन्झाइम्स). मग आला माझा आवडता बदल: मधल्या बेंझिनवर, अमिनो गटाच्या शेजारी, एक मिथिल. एवढ्याशा गटामुळे रेणूला शेजारच्या बंधाभोवती हवा तसा वळायला जागा उरली नाही आणि प्रोटीन कायनेज सीवरचा परिणाम पार गेला, टायरोसिन कायनेजवरचा राहिला. शेवटी पाण्यात विरघळावं, तोंडाने घेता यावं म्हणून मिथिलपायपरेझिन. मे २००१ मध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी औषध मंजूर झालं. त्या आजाराच्या पेशीत सापडणारं आखूड गुणसूत्र नोवेल आणि हंगरफर्ड यांनी १९६० मध्ये फिलाडेल्फियात पाहिलं होतं. ते नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून होतं हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. चाळीस वर्षांच्या जीवशास्त्राने कुलूप दाखवून दिलं होतं आणि रसायनशास्त्र एकेक दात घासत होतं.

मग कुलूपच बदललं. इमॅटिनिब ज्याला अडवतं त्या एबीएल कायनेजच्या ३१५ व्या जागेवरचं थ्रिओनिन हे अमिनो आम्ल जाऊन आयसोल्युसिन आलं की इमॅटिनिबचा एक हायड्रोजन बंध जातो आणि वर आयसोल्युसिनची फुगीर बाजू रस्त्यात आडवी येते. यावर तोड म्हणून पोनॅटिनिब आलं. त्यात दोन भागांना जोडणारा दुवा म्हणजे दोन कार्बनांमधला तिहेरी बंध, सरळ आणि सडपातळ, आयसोल्युसिनच्या अंगाला अंग न लावता पलीकडे जाणारा. २०१२ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याच्या धोक्यामुळे पुढल्याच वर्षी विक्री काही काळ थांबवावी लागली, नंतर कडक सूचनांसह ते परत आलं. तो धोका बाजूला ठेवून नुसती रचना पाहिली तर दुवा कसा असावा याचा हा धडा आहे. तिथे काय बसेल हे आधी पाहिलं आणि मग बंध निवडला.

उलट क्रम कसा असतो तेही सांगतो. २००२ मध्ये शार्पलेस आणि फोकिन यांच्या गटाने आणि स्वतंत्रपणे मेल्डल यांच्या गटाने दाखवलं की तांब्याच्या साक्षीने अझाइड आणि अल्काइन एकत्र आणले की १,२,३-ट्रायझोलचं वलय अचूक, एकाच दिशेने, पाण्यातसुद्धा तयार होतं. अशा झटपट जोडणाऱ्या क्लिक रसायनशास्त्राला २०२२ चं नोबेल मिळालं, ते योग्यच. पण त्या सोयीने आमच्या क्षेत्राची सवय बिघडवली. एका तुकड्याला अझाइड लावा, दुसऱ्याला अल्काइन, सकाळी मिसळा, संध्याकाळी मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणाऱ्या टीएलसी प्लेटवर एकच सुबक डाग. शुद्ध करायला कॉलम लावायचीही गरज नाही. कुमारिन-ट्रायझोल-इसॅटिन, क्विनोलिन-ट्रायझोल-चाल्कोन, थायाझोल-ट्रायझोल-काहीही. दुवा ट्रायझोलचाच का, तर तो होतो म्हणून. मीही तो आनंद भरपूर उपभोगलेला आहे. रेणूतले अणू कुठे कसे बसलेत ते दाखवणाऱ्या एनएमआरच्या आलेखात आठच्या आसपास ट्रायझोलच्या एकट्या हायड्रोजनची ती टोकदार रेघ दिसली की जेवण गोड लागतं. रेघ मात्र एवढंच सांगते की वलय झालं.

पुढे त्या मालिका पेशींवर टाकल्या जातात, आणि बहुतेक वेळा एमटीटी चाचणीने निकाल लागतो. मोसमन यांनी १९८३ मध्ये आणलेली ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे: पिवळा पदार्थ जिवंत पेशीत जांभळा होतो, जांभळा रंग मोजला की किती पेशी जगल्या ते कळतं. गंमत म्हणजे तो पिवळा पदार्थ स्वतःच एक संकरित विषमवलयी रेणू आहे, एका बाजूला थायाझोल आणि एका बाजूला टेट्राझोलियम. पेशी त्या टेट्राझोलियमचं वलय फोडते तेव्हा रंग बदलतो. पण रंग बदलायला पेशीच लागते असं नाही. इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकणारे रेणू, फिनॉल किंवा थायॉल गट बाळगणारे, स्वतःच एमटीटीला जांभळं करू शकतात. तांब्याचे उरलेसुरले अंश पेशींना मारू शकतात आणि श्रेय संकरित रेणूला जातं. रोडॅनिनसारखी काही वलयं तर मिळेल त्या प्रथिनाला चिकटतात. अशा घरभेद्यांची यादी बेल आणि हॉलोवे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली, तरी रोडॅनिनचे संकर येतच राहिले. आणि 'निरोगी पेशींवर परिणाम नाही' असं लिहून एचईके-२९३ पेशी वापरलेल्या दिसल्या की मी पेन्सिल उचलतो. अॅडिनोव्हायरसचा डीएनए घालून अमर केलेल्या त्या पेशी, त्यांना निरोगी म्हणायचं तरी कसं?

माझी मागणी खरं तर साधी असते. पेशींच्या चार वाडग्या घ्या. एकीत फक्त निळा रेणू, दुसरीत फक्त लाल, तिसरीत दोघांचं सुटं मिश्रण समप्रमाणात, चौथीत जोडलेला. चौथीने तिसरीला हरवलं पाहिजे. न हरवलं तर जोडण्याचं प्रयोजन निदान पेशीच्या पातळीवर तरी दिसलं नाही, आणि मग बाकीचं समर्थन शरीरातल्या प्रवासातून यायला हवं. पहिल्या दोन वाडग्या बहुतेक निबंधांत असतात. तिसरी क्वचितच दिसते. ती मागितली की हे काम पुढच्या टप्प्यात करू, असं उत्तर येतं. तिथे डॉकिंगची, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याच्या संगणकी अंदाजाची, रंगीत चित्रं मात्र हटकून असतात, हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या हायड्रोजन बंधांसकट. संगणक काय, जागा दिली तर काहीही बसवून दाखवतो.

नीट विचार केलेला संकर कसा दिसतो, यासाठी सीयूडीसी-१०१ पाहावा. एर्लोटिनिबसारख्या औषधातलं क्विनाझोलिन पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या ईजीएफआर कायनेजच्या खोबणीत बसतं तेव्हा त्याच्या सहाव्या-सातव्या जागा खोबणीबाहेर, पाण्याकडे तोंड करून असतात. तिथून लांब शेपूट काढली तरी बसण्यात अडथळा येत नाही. दुसरीकडे हिस्टोन डीअॅसिटिलेज या एन्झाइमला अरुंद बोगदा असतो, तळाशी जस्ताचा अणू; व्होरिनोस्टॅटसारखी औषधं लांब साखळी आत सोडून टोकाच्या हायड्रॉक्सॅमिक आम्लाने ते जस्त धरतात, तोंडाशी एखादं वलय टोपीसारखं ठेवून. आता क्विनाझोलिनची शेपूट तीच साखळी झाली तर? एका प्रथिनात वलय आत आणि शेपूट बाहेर, दुसऱ्यात शेपूट आत आणि वलय बाहेर. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे डीअॅसिटिलेजवर ४.४ नॅनोमोलर आणि ईजीएफआरवर २.४ नॅनोमोलर होते. दोन्ही बैल जवळजवळ एका चालीचे. रेणूभारही पाचशेच्या आत. तरी तो मंजुरीपर्यंत पोहोचला नाही. माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांत तो शिरेतून द्यावा लागला, आणि हायड्रॉक्सॅमिक आम्लाचा गट शरीर भराभर निकामी करतं हे त्या कुळाचं जुनं दुखणं. एवढी अप्रतिम भूमिती आणि ती यकृतापुढे हरू शकते. याला इलाज म्हणून आराखड्यात काय बदलायचं, हे प्रत्येक रेणूला नव्याने विचारावं लागतं.

तिसऱ्या वाडगीचा प्रश्नच जिथे निकालात निघतो असा एक प्रकार मात्र अलीकडे रुजला आहे, प्रोटॅक. क्रूज आणि डेशाइस यांनी २००१ मध्ये कल्पना मांडली: रेणूचं एक टोक नको असलेल्या प्रथिनाला धरतं, दुसरं टोक पेशीच्या कचरा व्यवस्थेतल्या ई-३ लायगेजला, आणि दोघं शेजारी आले की लायगेज त्या प्रथिनावर नष्ट करण्याची खूण लावतं. थॅलिडोमाइड हे औषध अशाच एका लायगेजमधल्या सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटतं हे २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवल्यावर दुसरं टोक सोपं झालं. इथे सुटं मिश्रण दिलं तर काहीच होत नाही, उलट सुटे तुकडे जागा अडवून बसतात. इतकंच नव्हे, जोडलेला रेणू जास्त दिला तरी परिणाम घटतो, कारण एक रेणू प्रथिनाला धरून बसतो, दुसरा लायगेजला, आणि दोघांना एकत्र आणायला कुणीच उरत नाही. मात्रा वाढवली की परिणाम वाढतो या सरळ रेषेवर वाढलेल्या माझ्या पिढीला हा आलेख पचायला वेळ लागला.

प्रोस्टेट कॅन्सरसाठीचा एआरव्ही-११० हा प्रोटॅक २०१९ मध्ये माणसांवरच्या चाचणीत गेला, तोही तोंडाने घेण्याच्या रूपात, रेणूभार आठशेच्या वर असूनही. लिपिन्स्की यांच्या १९९७ च्या नियमाप्रमाणे पाचशेपुढच्या रेणूने आतड्यातून रक्तात जाण्याची फारशी आशा धरू नये. तो जातो याचं बरंचसं श्रेय मधल्या दुव्याला आहे. सुरुवातीच्या प्रोटॅकमध्ये दुवा म्हणजे लोंबती ईथर साखळी असायची. इथे पायपरेझिन, पायपरिडिन आणि पिरिडॅझिन अशी वलयांची ताठ रांग आहे. ती किती लांब हवी याचं सूत्र मात्र कुणाकडे नाही. एक कार्बन वाढवायचा, एक कमी करायचा, पायपरेझिनच्या जागी अॅझेटिडिन घालून पाहायचं, आणि प्रत्येक वेळी पेशी फोडून ते प्रथिन किती उरलं ते पुन्हा मोजायचं.